शेवटची मोटर

३ मार्च, रविवार

डीपी, म्हणजे आमच्या मोटरींचा ट्रान्सफॉर्मर, पुन्हा जळाली. संक्रांतीपासूनची ही तिसरी.

ही डायरी कंपनीनं दिली होती. पहिल्या पानावर छापलंय, 'आमच्या कुटुंबाचा भाग झाल्याबद्दल आभार.' जानेवारीत त्या कुटुंबानं आमच्या अख्ख्या टीमला एका व्हिडिओ कॉलवर घरी पाठवलं. मी पुण्याहून गावी आले आणि डायरी तशीच कोरी पडून राहिली. आज पहिल्यांदा लिहावंसं वाटलं, कारण आज मला राग आलाय.

सकाळी आबांसोबत वरच्या मळ्यात, केळीच्या बागेत होते. लाइन आली. अकरा विहिरींवरच्या अकरा स्टार्टरचे खटके एकदम वाजले. डीपी हुंकारली, धूर निघाला आणि सगळं गप्प झालं. आबा पंप हाऊसच्या दारात उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी परत घातली, एवढंच.

आमच्याकडे शेतीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आली तरी टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो लावलाय. माणूस घरी असला तरी लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप उठते. एकाची उठली तर सोय. पण उठताना मोटर चालतानापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, आणि अकरा जणांच्या एकदम उठल्या की डीपीचं कंबरडं मोडतं. एकेक ऑटो शहाणा आहे. अकरा मिळून वेडे आहेत.

डीपीजवळ सगळे जमले तेव्हा कौतिकभाऊंनी मला पाहिलं. ते कोणालाही सोडत नाहीत.

"काय वं शिष्टीम, तू इंजिनेर शे ना? मंग सांग, आमनी डीपी कसाले जळस?"

सगळे हसले. माझ्या नेमणूकपत्रावर 'सिस्टीम इंजिनिअर' होतं. आबांनी ते पेढ्यांबरोबर गावभर दाखवलं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. तेव्हापासून गावात माझं नाव शिष्टीम. खरं तर पुण्यात दोन वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या बटणांवर क्लिक करून ती चालतात का ते बघायचे.

पण आज मी उत्तर दिलं. म्हटलं, "भाऊ, लग्नात पंगतीला सगळं गाव एकदम बसायला धावलं तर काय होतं?"

"मांडव पडस."

"तेच झालंय. आधी पंगत लावा."

कोणी हसलं नाही. मला बरं वाटलं.

६ मार्च, बुधवार

फैजपूरला जाऊन आले. अर्पितचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्याचे वडील माणकचंद शेठ गल्ल्यावर आणि अर्पित मोबाइलवर. मला टायमर हवे होते, लाइन आल्यावर ठरवलेल्या वेळानं मोटर उठवणारे. अर्पितनं विचारलं, "किती?" म्हटलं, "अकरा." तो हसला. "ताई, आजवर इथे टायमर कोणी उशिरा सुरू व्हायला नेला नाही. सगळे लवकरवाले."

शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, "दे तिला. चालले तर पैसे, नाही चालले तर परत."

बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन आले. बाजूची बाई म्हणाली, "मिठाई का?"

११ मार्च, सोमवार

नवी डीपी बसली. दुपारी सोसायटीच्या ओट्यावर सगळे मोटरवाले बसले. वायरमन झुलालही होता. त्याला माझं म्हणणं आधी पटलं, कारण दर वेळी शिव्या त्यालाच बसतात.

मी सांगितलं, लाइन आली की एकामागून एक मोटर उठेल. पुढचं सगळ्यांना कळलं आणि मग कोणालाच दुसरा व्हायचं नव्हतं. वायर, टायमर, खटके यांवर एकही प्रश्न आला नाही. दोन तास भांडण एकाच गोष्टीचं, पहिला कोण.

अभिमन नानांची मोटर सर्वांत मोठी, दहा एचपीची. त्यांनी मागच्या पिढीत सरपंचकी केलीय, आणि अजूनही ते बोलायला लागले की लोक विड्या विझवतात. ते म्हणाले, "मोठी आधी उठू दे, डीपी ताजी असते तोवर." यात तथ्य आहे, झुलालनंही मान डोलावली. मग मोठ्यापासून छोट्यापर्यंत क्रम लागला. शेवटी उरल्या तीन एचपीच्या दोन मोटरी. मंदाबाईंची आणि आमची.

मंदाबाई एकट्याच शेती करतात. त्या ओट्याखाली उभ्या होत्या, वर आल्या नाहीत.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, ही पंगत तू मांडलीस. पंगतीत पाहुणे आधी, घरधनी शेवटी. आपल्याकडची रीत आहे."

मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ठेव शेवटले. आपलंच घर शे ना ते."

मी ठेवलं. उद्या कोणी म्हणायला नको की इंजिनिअरबाईनं बापाचं पाणी आधी ओढलं. व्यवस्था करणाऱ्यानं स्वतःसाठी शेवटची जागा घ्यावी, हे मला मनापासून पटतं. रात्री मायनं भांडी जरा जोरातच घासली. "पोरगी शिकनी आनि बाप शेवटले गया," एवढंच म्हणाली. तिला समजावून सांगितलं. समजलं असावं.

१९ मार्च, मंगळवार

चाललं.

आधी दोन मोटरींत अर्धं मिनिट ठेवून पाहिलं. सातवी उठली आणि फ्यूज गेला. पाइप भरेपर्यंत मोटर ताण घेते, तेवढा वेळ तिला द्यायला हवा. मग दोन-दोन मिनिटं ठेवली. मी आणि झुलाल डीपीखाली उभे. पहिली उठली. दुसरी. लांबून एकेक खटका ऐकू यायचा आणि झुलाल बोटं मोजायचा. शेवटी वरच्या मळ्यातून आमची छोटी मोटर उठली, तिचा आवाज मी ओळखते, शिंकल्यासारखी सुरू होते. झुलालनं हात जोडले, मला की डीपीला कळलं नाही.

टायमरचे डबे मीच बंद केले, किल्ल्या माझ्याकडे. कोणी गुपचूप आकडा फिरवायला नको.

कौतिकभाऊ म्हणाले, "शिष्टीम चालनी बरं." माझ्या क्रमात पाचवी मोटर त्यांची. त्यांना कशाचीच तक्रार नाही, म्हणून करमत नाही.

२६ मार्च, मंगळवार

धुळवडीला डीपीला कोणीतरी रंग लावला. हार पण घातला. झुलाल चिडून काढत होता.

१२ एप्रिल, शुक्रवार

देवपूरला माझ्या जुन्या कॉलेजात गेले होते. सरांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं. ज्या वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे, तिथे फळ्यासमोर उभी राहिले. अकरा मोटरींचं चित्र काढलं. मुलं खूप लक्ष देऊन ऐकत होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सिस्टीम इंजिनिअर म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, "तुकडे सगळ्यांना दिसतात. तुकडे मिळून काय होतं, ते बघायची जबाबदारी ज्याची, तो." हे मी आधी ठरवलं नव्हतं, तिथेच सुचलं. आता मला माझं काम काय आहे ते कळलंय. पुण्याच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

दुसऱ्या मुलानं विचारलं, "मग शेवटी कोण?" मी म्हटलं, "कोणीतरी शेवटी राहावंच लागतं. आम्ही राहिलो." टाळ्या पडल्या.

येताना पांझरेच्या पुलावर बस थांबली होती. नदीत पाणी नव्हतं, मुलं क्रिकेट खेळत होती. फार छान वाटत होतं.

१८ एप्रिल, गुरुवार

ऊन वाढलंय. लाइन सारखी जाते-येते. दिवसा असो की रात्री, पाऊण तास सलग टिकली तर नशीब. पण डीपी शाबूत आहे. आजूबाजूच्या तीन डीपी जळाल्या, आमची नाही. शेजारच्या गावचे लोक येऊन बघून गेले. त्यांनाही हवंय.

आबा हल्ली पहाटेच मळ्यात जातात. माय दोन वेळचं बांधून देते. मी आज म्हटलं, मी डबा घेऊन येते, तर म्हणाले, "वर नको येऊ. साप निंघना तठे." आबा सापाला कधीपासून घाबरायला लागले?

त्यांचा खांदा दुखतोय. माय रोज तेल लावते. विचारलं तर म्हणाले, वय झालं.

२७ एप्रिल, शनिवार

एका कंपनीची मुलाखत झाली, ऑनलाइन. नेटवर्कसाठी गच्चीवर छत्री धरून बसले होते. समोर बंगळूरच्या एक बाई होत्या, वयानं मोठ्या, पांढरे केस, तीस वर्षं हेच काम करतात. रेल्वेचं सिग्नल, विमानतळ, असलं. त्या काळी त्यांच्या ऑफिसात बायकांसाठी संडाससुद्धा नव्हता म्हणे. मला त्यांचं सगळं विचारायचं होतं, पण प्रश्न त्या विचारत होत्या.

मी डीपीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती मध्ये न थांबवता ऐकली. मग म्हणाल्या, "छान. शेवटच्या मोटरला किती पाणी मिळतं, ते मोजलंत?"

मी म्हटलं, ती माझ्या वडिलांची आहे. तक्रार असती तर त्यांनी सांगितलं असतं.

त्या म्हणाल्या, "मी तक्रारीचं नाही विचारलं."

पुढे इतर प्रश्न झाले. कळवतो म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना गाव माहीत नाही. गावात आपलं माणूस आपल्याला सांगतंच. त्यांची कामं मोठी असतील, पण अशा बाईंनी एवढी बारीक खोट का काढावी? दिवसभर तेच डोक्यात.

आबांना मुलाखतीचं सांगितलं. फार खूश झाले. "जाय पुण्याले. बंगळूरले जाय. आठे काय शे?" म्हणाले. आजवर कधी असं बोलले नव्हते. उलट मी आल्यावर खाटेवर माझी जागा करून, पोरगी आली म्हणून शेजाऱ्यांना सांगत फिरले होते.

१० मे, शुक्रवार. आखाजी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. सासुरवाशिणी माहेरी आल्यात. निंबाला झोके बांधले. मायनं घागर पुजली, पुरणपोळ्या केल्या. सगळं झालं, आबाच नाहीत. दुपार कलली तेव्हा आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मी म्हटलं, "आज तरी लवकर यायचं होतं." ते म्हणाले, "लाइन नव्हती." मग चिखल कुठला, ते विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी झोक्याजवळ मंदाबाई दिसल्या नाहीत, म्हणून त्यांच्या घरी पुरणपोळी घेऊन गेले. त्या ओसरीत बसल्या होत्या. ताट घेतलं, बस म्हणाल्या नाहीत.

मी विचारलं, "बाग कशी आहे?"

"तुना बापले इचार."

"का? काय झालं?"

"तो बोलस नही, मंग मी कसाले बोलू? आज सनना दिन शे. घर जाय."

मी दारात उभी राहिले. त्यांनी ताट झाकून ठेवलं आणि आत गेल्या.

उद्या वर जाणार. साप असला तर असू दे.

११ मे, शनिवार

लिहिता येत नाहीये, पण लिहिणार आहे.

आमची केळीची बाग निसवायला आलेली. या वेळी झाडातून घड बाहेर पडायचा असतो, तेव्हा पाणी तुटलं की संपलं. खालच्या निम्म्या बागेची पानं छत्री मिटल्यासारखी खाली लोंबतायत. कडा जळून तपकिरी. काही झाडं कमरेत वाकलीयत. जो घड बाहेर आलाय तो मुठीएवढा. वरची निम्मी बाग हिरवी आहे. आबांनी खालच्या निम्म्या बागेचं ठिबक बंद करून टाकलंय. निम्म्या बागेचा बळी देऊन उरलेली धरलीय. बांधापलीकडे मंदाबाईंची तशीच. त्यांना निम्मीसुद्धा धरता आली नाही.

आणि बैलगाडीवर दोन निळे ड्रम.

मी पंप हाऊसच्या पायरीवर बसून राहिले. लाइन आली. खाली नानांची मोटर उठली. मग पुढची. मी ऐकत होते. आठवी उठली, आणि लाइन गेली. सगळं थांबलं. थोड्या वेळानं लाइन आली. नानांची मोटर उठली. पुन्हा पहिल्यापासून. सातवी उठली. गेली. आली. नानांची मोटर उठली.

दुपारभर आमची मोटर एकदा उठली, आणि पाइप भरायच्या आत बंद पडली.

मार्चमध्ये लाइन टिकत होती, तेव्हा मला हे दिसलं नाही. लाइन तुटली की माझी व्यवस्था सगळं विसरते. कोणाला मिळालं, कोणाला नाही, तिला काही आठवत नाही. ती पुन्हा पहिल्यालाच उठवते. मी ज्याला शेवटी ठेवलं, त्याची पाळी मी कधी येऊच दिली नाही. डीपी शाबूत राहिली म्हणून मी टाळ्या घेऊन आले.

बंगळूरच्या बाईंना हे हजार किलोमीटरवरून दिसलं. मला घरातून दिसलं नाही.

१२ मे, रविवार

आबांशी बोलले. ते गोठ्यात बैलाला वैरण टाकत होते.

"का नाही सांगितलं?"

"काय सांगनं?"

"आबा."

त्यांनी वैरणीची पेंढी सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मी बोलनू असतू ते गाव काय सांगतं? शिष्टीमना बापच रडी राहिना. तुनं नाव व्हयनं गावमा. कालेजमा बलावतस. निम्मी बाग गयी ते गयी, पुढला साल उभी ऱ्हाई."

"आणि ड्रम? पाणी कुठून आणता?"

त्यांनी पेंढी बैलापुढे टाकली. मग म्हणाले, "नानाकडथीन."

पहाटे लोक उठायच्या आत अभिमन नानांच्या हौदावरून आबा ड्रम भरून आणायचे आणि बादलीनं एकेका झाडाला घालायचे. म्हणून खांदा. नानांना सगळं माहीत होतं. आबांनीच त्यांना सांगितलं होतं, पोरीला कळू देऊ नका.

मला रडू आलं नाही. राग आला, आबांचाही आला. माझा मान राखायला यांनी माझीच चूक दोन महिने लपवली. चूक मला दिसली असती तर एका दिवसात सुधारली असती. मंदाबाईंची बाग वाचली असती. तसं म्हटलं. आबा म्हणाले, "खरं शे." तेवढंच. बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

उपाय कालच सुचला. लाइन कुठे तुटली ते या टायमरना लक्षात ठेवता येत नाही, म्हणून क्रम एका आठवड्यात वरून खाली, पुढच्या आठवड्यात खालून वर. नाहीतरी दर सोमवारी लाइनची पाळी बदलते, त्याच दिवशी आकडे फिरवायचे. मधल्यांना फरक पडत नाही. कडेच्या दोघातिघांना पडतो. म्हणजे नानांना. मोटरींत दोन-दोन मिनिटं आहेत तोवर मोठी शेवटी उठली तरी डीपी सोसेल, असं झुलाल म्हणाला.

आणि पहिला आठवडा खालून वर. म्हणजे पहिली मोटर आमची.

माय म्हणाली, "पहिला आठवडा ते नानालेच ऱ्हाऊ दे. लोके तोंडवर बोलतीन." मार्चमधली मी असते तर ठेवलं असतं. दिसायला बरं दिसलं असतं.

नाही ठेवणार. आठ दिवस अजून थांबलं तर मंदाबाईंचं काहीच उरत नाही.

१४ मे, मंगळवार

ओट्यावर बैठक झाली. मी उभी राहून सरळ सांगितलं, माझ्या मांडणीत चूक होती, शेवटच्या दोघांना पाणी मिळत नाही, सोमवारपासून क्रम उलटा.

कौतिकभाऊ म्हणाले, "म्हंजे आते पहिला तुना बाप, धनसिंग?"

"हो."

"आनि ठरावनार कोन? धनसिंगनी पोर."

हशा झाला. या वेळी मला त्यातली बोच कळली.

नाना हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, मार्चमध्ये तुला हे सुचलं नाही. बापाची बाग वाळली तेव्हा सुचलं."

मी म्हटलं, "हो नाना. तेव्हाच सुचलं. मंदाबाईंची वाळत होती तेव्हा सुचायला हवं होतं. ती लाज माझी आहे. पण लाज वाटते म्हणून चूक तशीच ठेवू का?"

"रीत ठरली होती. घरधनी शेवटी. तू कबूल केलं होतंस."

"केलं होतं. घरधनी शेवटी जेवतो, नाना. उपाशी राहत नाही." माझा आवाज चढला होता, पण मी तो खाली आणला नाही. "तुमच्या घरच्या लग्नात पंगत बसली आणि वाढता वाढता वारा सुटला, मांडव उडाला. पुन्हा मांडव उभा केला. आता वाढपी कुठून सुरुवात करेल? ज्याची पोळी खाऊन झालीय त्याच्या पानापासून, की ज्याच्या पानावर मीठसुद्धा पडलं नाही तिथून?"

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"रोज दहा वेळा मांडव उडतोय आणि दहा वेळा पहिल्याच पानावर वाढलं जातंय. ही कुठली रीत?"

नानांचा चेहरा लाल झाला. "मी तुझ्या बापाला पाणी दिलं. विचार त्याला. दोन महिने, एक शब्द न काढता."

आबा ओट्याच्या टोकाला बसले होते, मान खाली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. हे आबांना कधीच नको होतं. मला ते थांबवता आलं असतं, पण मी थांबवलं नाही.

"दिलंत," मी म्हटलं. "तुमचे उपकार आहेत, मी विसरणार नाही. पण नाना, जे पाणी तुम्ही ड्रमनं दिलंत, ते आमच्याच पाळीचं होतं. आम्हाला दान नको. पाळी पाहिजे."

ओट्याखालून मंदाबाईंचा आवाज आला. "मालेबी."

मग त्या पहिल्यांदाच दोन पायऱ्या चढून वर आल्या आणि बसल्या. कौतिकभाऊंनी सरकून जागा दिली. नाना उठले, चपला घातल्या आणि गेले. हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

१९ मे, रविवार

आकडे फिरवायला निघाले. वाटलं होतं एकटीच जाईन. झुलाल आला. मंदाबाई आल्या. कौतिकभाऊ आले, "मी मधला, माले काय, मजा देखाले उनू," म्हणत. चौथ्या-पाचव्या विहिरीपर्यंत आठ जण झाले. आबा आले नाहीत.

नानांची विहीर शेवटी ठेवली होती. नाना पंप हाऊसच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. किल्ली माझ्याजवळ, पण दार त्यांच्या पाठीमागे.

कौतिकभाऊ माझ्या कानात म्हणाले, "नाना नही उठनार."

मी पुढे गेले. म्हटलं, "नाना, टायमर काढून टाकायचा तर तुम्ही काढू शकता. मोटर तुमची आहे. मग उद्या लाइन आली की तुमची आणि आमची एकदम उठतील. फ्यूज गेला तर पुन्हा बसवू, पुन्हा उठतील. डीपी जळाली तर सगळे वाळू. पण आमची आता मागे जाणार नाही."

"धमकी देतेस?"

"हिशेब सांगते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पाय मातीत रोवून उभी राहिले.

नाना म्हणाले, "तुझा बाप मला कधी असं बोलला नसता."

"म्हणूनच त्यांची निम्मी बाग गेली."

ते उठले नाहीत. पण त्यांनी खुर्ची थोडी उचलून बाजूला सरकवली, माणूस उन्हातून सावलीत सरकतो तशी. मी त्यांच्या बाजूनं आत गेले आणि आकडा फिरवला.

घरी आल्यावर बंगळूरच्या बाईंना मेल लिहिला. त्यांचं उत्तर काय येईल, नोकरी मिळेल की नाही, त्यासाठी नाही. दोनच ओळी लिहिल्या: 'शेवटच्या मोटरला किती पाणी मिळतं, मोजलं. मिळत नव्हतं. उद्यापासून मोजत राहणार आहे.'

२० मे, सोमवार

सकाळपासून सगळे डीपीजवळ. कोणाला काम नव्हतं असं नाही, पण सगळ्यांचं काम तिथेच होतं. नानाही आले, जरा लांब, बांधावर उभे.

आबांना मीच ओढून आणलं होतं. ते कुजबुजले, "आते तुना बाप पहिला. लोके बोलतीन."

"बोलू दे."

लाइन आली. आणि वरच्या मळ्यातून, सगळ्यांत लांबून, आमची छोटी मोटर शिंकून उठली. आबांनी टोपी काढली. परत घातली नाही, हातातच धरली, आणि वर चालायला लागले, मग जवळजवळ पळायला लागले. मंदाबाई मागोमाग. त्यांची मोटर उठली तोवर त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

तिसरी उठली, चौथी उठली. कौतिकभाऊंची उठली. आठवी. नववी उठली आणि लाइन गेली.

सगळे बांधाकडे बघत होते. दहाची मोटर, अख्ख्या डीपीवरची सर्वांत मोठी, उठलीच नव्हती.

थोड्या वेळानं लाइन आली. वरच्या मळ्यात आमची मोटर उठली. पुन्हा पहिल्यापासून.

नाना बांधावरून उतरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा घामानं भिजलेला. "माझी?" म्हणाले.

मला त्यांचे ड्रम आठवले. वाकलेली केळीही आठवली.

मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी, नाना. त्या दिवशी पहिले तुम्ही."